पाणी गाळणारा पापुद्रा

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी मंडळींनी बांध घालून पाऊस अडविला आणि त्यावर धान पिकविले, हे लाखनीच्या श्रोत्यांना आम्ही सांगावयास नको. पण आता याच मुलखात घरोघरी 'आरओ' यंत्र आले आहे. त्याच्या पोटात गुंडाळलेल्या पापुद्र्याचा इतिहास आज पाहू.

१७४८ साली फ्रान्समध्ये आबे नोले याने मद्यार्काने भरलेल्या कुपीच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाचा पडदा बांधला आणि ती पाण्यात बुडविली. पाणी आत शिरत गेले. पडदा टम्म फुगला. भिजत घातलेली मनुका फुगते, तोच हा प्रकार. यास परासरण म्हणतात. खाऱ्या पाण्यावर पुरेसा दाब दिला, तर उलट गोडे पाणी पडद्यातून बाहेर यावयास हवे. मात्र तसा पडदा कोठून आणावा?

१९५९ साली अमेरिकेत रीड व ब्रेटन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा मीठ अडवितो असे दाखविले. पण पाणी इतके थोडे येई, की त्यावर कोणाची तहान भागणार? १९६० च्या सुमारास लॉस अँजेलिस येथे सिडनी लोब आणि आपले भारतीय श्रीनिवास सौरीराजन यांनी येथेच हात घातला. मिश्रणात मॅग्नेशियम परक्लोरेट घालून त्यांनी पापुद्रा ओतला, बर्फगार पाण्यात बुडविला, मग गरम पाण्यात तापविला. वर दाट, अतिपातळ कातडी आणि खाली सच्छिद्र आधार, अशी त्याची रचना झाली. पाणी कितीतरी पटींनी वाढले. सौरीराजन यांचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असावयास हवे होते, असे आम्हांस वाटते. १९६५ साली कॅलिफोर्नियातील कोअलिंगा गावी या पद्धतीने पाणीपुरवठा सुरू झाला.

पुढे सत्तरीच्या दशकात जॉन कॅडॉट याने दोन न मिसळणाऱ्या द्रवांच्या सीमेवर, दुधावर साय धरावी तशी, पॉलिअमाइडची कातडी धरविली. आजचे बहुतेक पापुद्रे याच घराण्यातले. क्लोरीन मात्र त्यांना सोसत नाही. म्हणून यंत्रात आधी कोळशाची गाळणी असते. शिवाय गाळलेल्या पाण्याहून पुष्कळदा अधिक पाणी मोरीत जाते, ते वेगळेच.

पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी असतील, तर हे यंत्र नको, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली बजावले. गढूळपणा व जंतू एवढीच अडचण असेल, तर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनविलेला पॉलिसल्फोनचा पापुद्रा विजेवाचून काम भागवितो. क्षार तो अडवीत नाही. तेव्हा यंत्र घेण्यापूर्वी आपल्या विहिरीचे पाणी तपासून घ्यावे लागते.