युव्हेंटसची शिक्षा आणि इंटरचा तारा

२००६च्या वर्ल्डकप फायनलचं नाव काढलं की सगळ्यांना झिदानने मातेराझ्झीच्या छातीत हाणलेलं डोकं आठवतं. मला आठवतो तो एक आकडा. आठ. ९ जुलैच्या त्या रात्री बर्लिनमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून आठ खेळाडू एकाच क्लबचे होते. इटलीकडून बुफोन, कान्नावारो, झाम्ब्रोत्ता, कामोरानेसी आणि नंतर आत आलेला देल पिएरो. फ्रान्सकडून थुराम, व्हिएरा आणि पेनल्टी बारवर मारून फायनल घालवणारा त्रेझेगे. क्लबचं नाव युव्हेंटस. इटलीने कप उचलला आणि बरोबर पाच दिवसांनी, १४ जुलैला, रोममधल्या क्रीडा न्यायालयाने याच क्लबला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये ढकललं. वर पुढच्या सीझनचे तीस गुण आधीच कापले.

पुढे जाण्याआधी सांगून टाकतो, मी इंटर मिलानचा. १९९८च्या वर्ल्डकपमधला रोनाल्डो (ब्राझीलचा, पोर्तुगालचा तेव्हा शाळेत होता) पाहून त्याच्या क्लबच्या नादी लागलो तो लागलोच. म्हणजे या प्रकरणात ज्यांचा फायदा झाला, त्यांच्या बाजूचा. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, मला या शिक्षेबद्दल एक तक्रार आहे, आणि ती आमच्या लोकांना अजिबात आवडत नाही.

आधी गुन्हा काय होता ते पाहू. मे २००६मध्ये इटलीच्या वर्तमानपत्रांतून टॅप केलेल्या फोनचे उतारे यायला लागले. फोनवर युव्हेंटसचा जनरल मॅनेजर लुचानो मोज्जी, आणि पलीकडे रेफ्रींच्या नेमणुका करणारे दोघे, पाओलो बेर्गामो आणि पिएरलुइजी पाइरेत्तो. विषय असा की कुठल्या मॅचला कोण रेफ्री बरा. कागदोपत्री रेफ्री चिठ्ठ्या टाकूनच ठरायचा. पण चिठ्ठ्या टाकण्याआधी मॅचेसचे आणि रेफ्रींचे गट पाडले जायचे, आणि ते पाडायचे हेच दोघे. तुमच्या मॅचच्या गटात तुम्हाला चालणारेच रेफ्री असतील, तर मग चिठ्ठी कुणाचीही निघेना का. उतारे जसजसे येत गेले तसतशी मिलान, लाझिओ आणि फिओरेंतिनाच्या मंडळींची नावंही बाहेर आली.

यात एक मेख आहे, आणि सगळी हुज्जत तिच्याभोवती फिरते. युव्हेंटसने अमुक एक मॅच फिक्स केली, असं क्रीडा न्यायालयाने म्हटलंच नाही. त्याने म्हटलं ते असं की, नेमणुका करणाऱ्यांशी असलेल्या या लागेबांध्यांमुळे सगळी लीगच एका बाजूला कलली. आपल्याकडे परीक्षेत कॉपी पकडतात तेव्हा चिठ्ठी हातात सापडते. इथे चिठ्ठी सापडली नव्हती, पण पेपर तपासणाऱ्याचा नंबर एका विद्यार्थ्याकडे होता आणि तो रोज फोन करत होता. आता मार्क किती कापायचे?

युव्हेंटसवाले विचारायचे, ‘मॅच दाखवा. कुठली मॅच आम्ही फुकट जिंकलो? बुफोन, नेदवेद, इब्राहिमोविच असलेल्या टीमला रेफ्रीची गरज काय?’ इतरांना, विशेषतः आम्हाला, मॅच दाखवायची गरजच वाटत नव्हती. आमच्याकडे २६ एप्रिल १९९८ होता. त्या दिवशी तुरिनमध्ये युव्हेंटसच्या युलियानोने रोनाल्डोला पेनल्टी बॉक्समध्ये आडवं केलं, रेफ्रीने काही दिलं नाही, आणि त्याच दमात दुसऱ्या टोकाला युव्हेंटसला पेनल्टी दिली. ती हुकली, पण मॅच ते १-० जिंकले आणि लीगही. त्यावरून इटलीच्या संसदेतसुद्धा हातघाईची वेळ आली होती. २००६च्या कागदपत्रांत १९९८ कुठेच नाही. पण चाहत्यांच्या कोर्टात जुनी प्रकरणं कधी बंद होत नाहीत.

फिर्यादी स्तेफानो पालाझ्झी यांनी तर युव्हेंटसला दुसऱ्याच्याही खालच्या डिव्हिजनमध्ये टाका अशी मागणी केली होती. तेव्हा क्लबचे स्वतःचे वकील चेझारे झाक्कोने सुनावणीत म्हणून बसले की दुसरी डिव्हिजन आणि काही गुण वजा, एवढी शिक्षा आम्हाला मान्य होण्यासारखी आहे. युव्हेंटसचे चाहते आजही त्या माणसाचं नाव काढलं की भडकतात. आपल्याच वकिलाने भाव ठरवून दिला!

आणि पुढे झालाही भावच. १४ जुलैला वजा तीस. २५ जुलैला अपिलात वजा सतरा. ऑक्टोबरमध्ये लवादाकडे वजा नऊ. फिओरेंतिना आणि लाझिओ पहिल्या निकालात खाली गेले होते, अपिलात ते पहिल्या डिव्हिजनमध्ये परत आले. फिओरेंतिनाचे शेवटी पंधरा गुण गेले, लाझिओचे तीन. मिलानच्या आधीच्या सीझनमधून तीस गुण वजा झाले तरी युरोपात खेळायची त्यांची जागा शाबूत राहिली. मे २००७मध्ये अथेन्समध्ये लिव्हरपूलला २-१ हरवून त्यांनी चॅम्पियन्स लीग जिंकली. ‘शिक्षा झालेला’ संघ वर्षाच्या आत युरोपचा राजा! हे कुठल्या न्यायात बसतं, हे मला मिलानच्या चाहत्यांनीही धड समजावून सांगितलेलं नाही.

युव्हेंटसची टीम मात्र फुटली. कान्नावारो आणि एमेर्सोन रेआल माद्रिदला, झाम्ब्रोत्ता आणि थुराम बार्सिलोनाला. इब्राहिमोविच आणि व्हिएरा आमच्याकडे. बुफोन, देल पिएरो, नेदवेद, त्रेझेगे, कामोरानेसी थांबले. दोन महिन्यांपूर्वी वर्ल्डकप उचललेला बुफोन ९ सप्टेंबरला समुद्राकाठच्या रिमिनी गावाच्या टीमविरुद्ध गोलपोस्टमध्ये उभा होता. मॅच १-१ सुटली. मग क्रोतोने, अल्बिनोलेफे, अशा बेचाळीस मॅचेस. युव्हेंटसने मैदानावर ९४ गुण कमावले, नऊ कापून ८५ उरले आणि ते पहिले आले. तिसऱ्या आलेल्या जेनोआचे ७८ होते. वजा तीसची पहिली शिक्षा टिकली असती तर उरले असते ६४, आणि कदाचित आणखी एक वर्ष रिमिनी-क्रोतोने. भाव कमी झाला तो असा उपयोगी पडला.

या शिक्षेबद्दल मला तक्रार नाही. मोज्जीने फोन केले आणि रिमिनीला बुफोन गेला, हे अन्यायाचं वाटतं खरं. पण क्लब म्हणजे फक्त अकरा खेळाडू नसतात. ऑफिस, पैसा, लीग जिंकून मिळणारी टीव्हीची कमाई, सगळंच क्लब असतं, आणि फायदा त्या सगळ्याला झालेला असतो. फक्त माणसाला शिक्षा केली तर पुढचा क्लब एक माणूस बळी द्यायला तयार ठेवेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही शिक्षा खेळून फेडता येत होती. युव्हेंटसचे चाहते आज त्या वर्षाबद्दल बोलतात ते जवळजवळ अभिमानाने. देल पिएरोने वीस गोल केले, आम्ही पळालो नाही, वगैरे. जखम भरली.

आपल्याला हे अनोळखी नाही. योगायोग बघा, तारीखही तीच. १४ जुलै २०१५ला लोढा समितीने चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्सना दोन वर्षं आयपीएलबाहेर काढलं. सट्टा लावल्याचा ठपका होता तो संघाच्या वरच्या वर्तुळातल्या माणसांवर, खेळाडूंवर नाही. तेव्हाही हाच वाद होता, की मालकाकडच्यांनी केलं ते चेन्नईच्या प्रेक्षकाने का भोगावं? त्या बंदीमुळेच पुण्याला दोन सीझनपुरती टीम मिळाली आणि पहिल्या वर्षी धोनी कॅप्टन म्हणून मिळाला. बंदी संपून २०१८मध्ये चेन्नई परतली, तर कावेरीच्या आंदोलनामुळे त्यांच्या घरच्या मॅचेस नेमक्या पुण्याजवळ गहुंज्याला आल्या. चेन्नईहून पिवळे टीशर्ट घातलेले लोक खास रेल्वे करून पुण्याला उतरले होते. त्या वर्षी वानखेडेवर ते फायनलही जिंकले. आज चेन्नईच्या चाहत्याला त्या दोन वर्षांबद्दल विचारा, तो हसून टाळतो. कारण दोन वर्षं गेली, पण २०१० आणि २०११ची विजेतेपदं कुणी काढून घेतली नाहीत, आणि मुख्य म्हणजे ती उचलून दुसऱ्या कुणाला दिली नाहीत.

माझी तक्रार इथून सुरू होते.

युव्हेंटसची दोन विजेतेपदं काढून घेतली गेली. २००४-०५चं रिकामं ठेवलं. फोनचे पुरावे मुख्यतः याच सीझनचे होते. २००५-०६चं मात्र दिलं, इंटरला. त्या वर्षी युव्हेंटसचे ९१ गुण होते, मिलानचे ८८ आणि आम्ही ७६ गुणांवर तिसरे. वरच्या दोघांना बाजूला केलं आणि २६ जुलैला फेडरेशनचे प्रशासक ग्विदो रोस्सी यांनी तीन तज्ज्ञांचं मत घेऊन आम्हाला विजेते जाहीर केलं. रोस्सी पूर्वी इंटरच्याच संचालक मंडळावर होते. यात काही काळंबेरं होतं असं मी म्हणत नाही, पण समोरच्याला हे सांगून बघा!

इटलीतच याआधी काय झालं होतं? १९२७मध्ये तोरिनोच्या एका अधिकाऱ्याने युव्हेंटसच्या अल्लेमांदी या डिफेंडरला लाच देऊ केल्याचं प्रकरण निघालं. तोरिनोचं विजेतेपद काढलं गेलं. दुसऱ्या नंबरवर बोलोन्या होती आणि फेडरेशनचे प्रमुख होते लेआंद्रो आर्पिनाती, बोलोन्याचे बडे फॅसिस्ट पुढारी. लोकशाहीची चाड असलेला माणूस नव्हे. त्यांच्या मनात आलं असतं तर विजेतेपद आपल्या गावाला देणं काहीच अवघड नव्हतं. पण ती जागा रिकामी राहिली. (अल्लेमांदीवरची आजन्म बंदी पुढे उठली आणि १९३४मध्ये तो वर्ल्डकप जिंकला. इटलीत शिक्षा अशाच वितळतात. १९८०च्या सट्टा प्रकरणात बंदी भोगलेला पाओलो रोस्सी १९८२चा हिरो झाला.) फ्रान्समध्ये १९९३ला मार्सेलच्या लोकांनी व्हालेन्सिएनच्या खेळाडूंना पैसे दिल्याचं उघड झालं, तेव्हा मार्सेलचंही लीगचं विजेतेपद गेलं. दुसऱ्या आलेल्या पॅरिस सेंट जर्मेनने ते घेतलं नाही. तीही ओळ रिकामी आहे.

रिकामी ओळ सगळ्यांना सारखीच टोचते. भरलेली ओळ एकालाच टोचते आणि दुसऱ्याला ती सांभाळत बसावी लागते. आमच्यावर ती वेळ २०११मध्ये आली. नेपल्सच्या खटल्यात आणखी फोन बाहेर आले. त्यात इंटरचे तेव्हाचे अध्यक्ष जाचिंतो फाक्केत्तीही नेमणुका करणाऱ्यांशी बोलत होते. त्याच पालाझ्झींनी अहवालात लिहिलं की इंटरवरही कारवाईसारखं काही होतं, पण मुदत संपली आहे. फाक्केत्ती सप्टेंबर २००६मध्येच गेले होते, उत्तर द्यायला नव्हते. विजेतेपद परत घ्यायचा विषय फेडरेशनच्या समितीपुढे आला, तेव्हा समितीने हा निर्णय आमच्या अधिकारात नाही म्हणून हात झटकले. मोज्जीचा फौजदारी खटलाही असाच विरला. २०११मध्ये पाच वर्षं चार महिने, अपिलात दोन वर्षं चार महिने, आणि २०१५मध्ये सर्वोच्च पातळीवर मुदतबाह्य. खेळातली आजन्म बंदी तेवढी राहिली.

म्हणजे शेवटचा शब्द कुणीच उच्चारला नाही, आणि तो चाहत्यांवर सोडला. २०१२मध्ये अधिकृत २८वी लीग जिंकल्यावर युव्हेंटसने नव्या जर्सीवर ‘मैदानावर ३०’ अशा अर्थाचे शब्द छापून घेतले. आज फेडरेशन ३६ मोजतं, क्लब ३८. जानेवारी २०२३मध्ये खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या हिशेबांवरून त्यांचे पंधरा गुण कापले, एप्रिलमध्ये परत दिले, मेमध्ये दहा कापले. तेव्हा माझ्या एका युव्हेंटसवाल्या मित्राचा पहिला मेसेज त्या हिशेबांबद्दल नव्हताच. त्याने लिहिलं होतं, ‘आता हेही तुम्हालाच देणार का?’

आणि आमचा तारा. इटलीत दहा लीगमागे जर्सीवर एक तारा मिळतो. २२ एप्रिल २०२४ला, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, आम्ही मिलानलाच हरवून विसावी लीग पक्की केली आणि दुसरा तारा आला. मी ओरडलो, शेजाऱ्यांनी दार वाजवलं. त्या विसातली चौदावी म्हणजे २००६ची. ती वजा केली तर एकोणीस, आणि एकोणीसला तारा नसतो. ती जिंकल्याची एकही रात्र मला आठवत नाही, कारण तशी रात्र नव्हतीच. जुलैच्या एका बुधवारी एक निवेदन आलं होतं.

मी इंटरवाल्यांना म्हणतो, ती देऊन टाकू, म्हणजे युव्हेंटसला नाही, कुणालाच नाही, जागा रिकामी ठेवू. ते म्हणतात, ‘वेडा आहेस का, चोर ते आणि परत आपण करायचं?’ युव्हेंटसवाले म्हणतात, रिकामी का, ती आमची आहे. तिकडे तोरिनो आणि बोलोन्या, दोघांनीही गेल्या काही वर्षांत फेडरेशनकडे मागणी केली आहे. १९२७चं विजेतेपद द्या म्हणून.