हमीभाव आणि महाबळेश्वरचा तांबेरा

महाबळेश्वर म्हटलं की स्ट्रॉबेरी आठवते, मध आठवतो. गहू कुणाला आठवत नाही. पण याच डोंगरावर सरकारचं गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. सरकारनं गव्हाच्या शेतकऱ्याला काय दिलं, याचा हिशोब मला तिथूनच मांडावासा वाटतो.

गेरवा म्हणजे तांबेरा. पानावर, खोडावर गंजासारखे फोड येतात आणि हात लावला की बोटांना तांबूस पूड लागते. ही पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. मैदानातल्या उन्हाळ्यात हिरवा गहू नसतो, त्यामुळे बुरशीही टिकत नाही. तरी रोग दरवर्षी परत येतोच. हे कोडं आग्र्याच्या प्रा. के. सी. मेहता यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सोडवलं. हिमालय आणि निलगिरीसारख्या थंड डोंगरांवर बुरशी तग धरते आणि वाऱ्यावर स्वार होऊन खाली उतरते. महाबळेश्वरची थंड, दमट हवाही तिला मानवते. म्हणून या केंद्रात गव्हाच्या नव्या वाणांवर मुद्दाम तांबेरा सोडतात आणि कोणता वाण तगतो ते पाहतात.

आता अनुदानाची नेहमीची गोष्ट. 1956 पासून आपण पीएल-480 करारातला अमेरिकन गहू खात होतो. 1965 मध्ये कृषिमूल्य आयोग आणि अन्न महामंडळ आलं. 1966 मध्ये मेक्सिकोहून 18,000 टन बियाणं आलं. केंद्रातल्या कृषी खात्यात तेव्हा आपल्या नगर जिल्ह्यातले अण्णासाहेब शिंदे होते. 1966-67 ला क्विंटलला 54 रुपये असलेला हमीभाव 2025-26 च्या हंगामासाठी 2,425 रुपये झाला.

पण त्या भावानं माल घेणारा कुणी दारात उभा असेल तरच हमीभावाला अर्थ. तो उभा राहिला पंजाब-हरियाणात, पुढे मध्य प्रदेशात. महाराष्ट्रातून सरकारी गहूखरेदी नावापुरतीच. शांताकुमार समितीनं 2015 मध्ये सांगितलं की देशातल्या जेमतेम सहा टक्के शेतकऱ्यांना हमीभावानं सरकारला माल विकता येतो. इकडे महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा खाली उतरली की तिचं पाणी उसाला जातं. शेतकऱ्याला त्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही. उसाला कारखाना आहे, कायद्यानं ठरलेला किमान दर आहे. गव्हाला इथे फक्त जाहीर झालेला आकडा आहे.

साताऱ्या-सांगलीच्या गव्हाला खरा आधार मिळाला तो तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या वाणांचा. असं बियाणं पेरलं की फवारणीचा खर्च वाचतो, पीक हातचं जात नाही. पंजाबातला बागायतदार आणि माणचा कोरडवाहू शेतकरी, दोघांनाही ते सारखंच उपयोगी. मात्र हे काम एकदा करून संपत नाही, कारण बुरशी रूप बदलते. हरितक्रांतीचा लाडका कल्याणसोना 1970च्या दशकात तांबेऱ्याला बळी पडू लागलाच.

या गोष्टीत आपल्या भागाची एक देणगीही आहे. काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅकमन यांनी बारा गव्हांचा संच ठरवला. त्यात एक नाव आहे ‘खपली’. कृष्णाकाठी पोळी-खिरीला वापरतात तीच ही खपली! तिच्यातली रोगप्रतिकारक जनुकं पुढे जगभरच्या गहू संशोधनात वापरली गेली. तिचा दाणा सालीत घट्ट बसलेला असतो, तो सडावा लागतो, आणि उतारा कमी पडतो. पण हमीभावाच्या यादीत गहू एकच. खपलीला वेगळा भाव नाही. शेतकरी आपलं गिऱ्हाईक आपणच शोधतो.

अनुदानावरचे आपले वाद खात्यात किती रुपये आले, यावरच अडतात. संशोधनावरचा खर्च कुणाच्याच खात्यात दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी मोर्चाही निघत नाही. हात आखडता घ्यायचा झाला, तर असा खर्च पहिल्यांदा नजरेत येतो. मला त्याचीच धास्ती वाटते. हमीभाव एखाद्या वर्षी वाढला नाही, तर पुढच्या वर्षी वाढवता येतो. तांबेऱ्यावरची पाळत मात्र एकदा तुटली, की नवा प्रकार आल्याचं आपल्याला उभ्या पिकातच कळेल.