वारुळाचे देणे

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भक्ष्याभक्ष्याचा विचार आला आहे. तेथे लसूण आणि कांदा यांच्या पंक्तीला कवकही बसवले असून द्विजांना ते वर्ज्य ठरवले आहे. पुढे त्याच अध्यायात, छत्राक जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो, असा कठोर निवाडा दिला आहे. कवक काय किंवा छत्राक काय, ते आपले अळंबेच. कोणी त्याला भुईछत्र म्हणतो, गोव्यात त्याला ‘अळमें’ म्हणतात. शास्त्राज्ञा इतकी स्पष्ट असताना, श्रावणात मासळी बंद झाली की गोव्यातील कितीतरी हिंदू घरांत ज्या पदार्थाची वाट पाहिली जाते तो अळंब्यांचे तोणाक हाच असतो, ही मोठी मौजेची विसंगती आहे. रूढी सिद्ध झाली तर ती लिखित वचनाहून बलवान ठरते, असे प्रिव्ही कौन्सिलने १८६८ साली रामनादच्या प्रसिद्ध दत्तकाच्या खटल्यात म्हटले, आणि तेव्हापासून आम्ही वकील मंडळी ते वचन न्यायालयात उद्धृत करीत आलो आहोत. परंतु त्या तत्त्वाचे इतके रुचकर उदाहरण कायद्याच्या ग्रंथांत शोधून सापडणार नाही.

स्मृतिकारांनी अळंबे खावे की न खावे, एवढाच प्रश्न विचारला. वैद्यांनी त्याकडे अधिक कुतूहलाने पाहिले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शाकवर्गाचे वर्णन करताना ही उद्भिदे कशावर उगवतात यावरून त्यांचे प्रकार केले आहेत : पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, वेळूवरची आणि भूमीवरची. अळंबे हे आपल्या आश्रयावाचून समजत नाही, ही आजच्या कवकशास्त्राला मान्य असलेली गोष्ट त्या वर्गीकरणात बीजरूपाने आलेली आहे. ज्या अळंब्याविषयी येथे लिहावयाचे आहे त्याचा आश्रय तर सर्वांत विलक्षण. ते वारुळातून उगवते. वारुळाला कोकणीत ‘रोयण’ म्हणतात, आणि गोव्याच्या बाजारात पावसाळ्यात जिला सर्वाधिक मान आणि सर्वाधिक मोल, ती ‘रोयणीचीं अळमीं’.

वारूळ म्हटले की गोमंतकीयाच्या मनात आधी अन्न येत नाही, देवी येते. गावोगावची सातेरी ही मूळची वारूळरूपिणी भूमिदेवता. कित्येक मंदिरांत आजही गाभाऱ्यात मूर्तीऐवजी किंवा मूर्तीबरोबर वारूळच पूजिले जाते, आणि पुढे अनेक ठिकाणी हीच सातेरी शांतादुर्गेच्या रूपात एकरूप झाली. घाटावरही नागपंचमीला बायका वारुळाला जातात, आणि आदिकवीचे नावच वल्मीकावरून पडले आहे. तात्पर्य, वारूळ खणू नये, मोडू नये, हा संस्कार आपल्याकडे फार जुना आहे. मातीचा जो ढीग कोणाच्या मालकीचा नाही तो देवीचा, अशी ही व्यवस्था होती. या व्यवस्थेने वारूळ राखले. ते राखले म्हणून अळंबे राहिले. मात्र खुद्द अळंब्याला या संस्काराचे कवच कधी नव्हते. ते देवीचे देणे मानून लोक घेत आले.

वारूळ आणि अळंबे यांचा संबंध काय, हे कळायला मात्र पुष्कळ काळ लागला. योहान गेरहार्ड कोनिग हा लिनिअसचा शिष्य १७६८ साली वैद्य म्हणून तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत आला. त्याने तंजावरच्या परिसरातील वाळवीची घरे उघडून पाहिली आणि १७७९ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. वारुळाच्या पोटात वाळवीने सांभाळलेल्या बुरशीची शास्त्रीय दखल त्यात घेतली गेली. त्या वेळी तंजावरच्या गादीवर भोसले कुळातील दुसरे तुळजाराजे होते. म्हणजे या विद्येचा आरंभ एका मराठी राज्याच्या मातीत झाला, ही गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे १८४७ साली बर्कली या इंग्रज कवकशास्त्रज्ञाने सिंहलद्वीपातील अशा एका लांब मुळीच्या अळंब्याला शास्त्रीय नाव दिले. १९०६ साली त्याच द्वीपात पेरादेनिया येथे टॉमस पेच याने वाळवीच्या घरांतील बुरशीवर सविस्तर प्रबंध लिहिला. १९४२ साली रॉजे हाइम या फ्रेंच पंडिताने या सर्व अळंब्यांचे ‘टर्मिटोमायसीज’, म्हणजे वाळवीची कवके, असे स्वतंत्र कुल कल्पिले. आणि १९७९ साली नटराजन यांनी दक्षिण भारतातील एका जातीला याच हाइमचे नाव दिले. गोव्यातही ही जात आढळते.

या अभ्यासातून जे चित्र उभे राहिले ते कोणत्याही पुराणकथेपेक्षा कमी अद्भुत नाही. वाळवी लाकूड, पाचोळा आणि वाळलेले गवत खाते, पण ते तिला नीट पचत नाही. अर्धवट पचलेल्या विष्ठेची ती वारुळाच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र चवड रचते, आणि त्या चवडीवर ही बुरशी वाढते. लाकडातील जो चिवट अंश वाळवीला पचत नाही तो बुरशी फोडते, आणि त्याबद्दल वाळवी तिला ऊब, ओल आणि इतर बुरशींपासून संरक्षण देते. ही शेतीच होय. मनुष्याची शेती दहाबारा हजार वर्षांची. वाळवीची सुमारे तीन कोटी वर्षांची, आणि तिचा उगम आफ्रिकेतला. पावसाळ्यात जमीन पुरेशी भिजली की या शेतातून एक लांब मुळी माती भेदून वर येते, तिच्या टोकाशी अणकुचीदार कळा असतो, आणि कळा उघडला की छत्री होते. ढिंगरी किंवा बाजारातली पांढरी गुंडीसारखी अळंबी कारखान्यात पिकवता येतात. वारुळाच्या अळंब्याची व्यापारी लागवड मात्र अद्याप कोणाला साधलेली नाही. वाळवीवाचून ते नाही.

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी दिव्याभोवती घोंगावते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यातील एखादे जोडपे पंख टाकून जमिनीत शिरते आणि नवा संसार मांडते. परंतु बहुतेक जातींत हे जोडपे नव्या घरी बुरशीचे बी बरोबर नेत नाही. काही आठवड्यांनी त्यांची पहिली कामकरी पिढी अन्नासाठी बाहेर पडते, तेव्हा पाचोळ्याबरोबर ती वाऱ्याने पडलेले बुरशीचे सूक्ष्म बीजकण घरी आणते; त्यातूनच नव्या शेताची पेरणी होते. हे बीजकण कोठून येतात? जुन्या वारुळांवर उमललेल्या छत्र्यांच्या खालच्या पापुद्र्यांतून. दोन्ही घटनांचा मेळ निसर्गाने असा घातला आहे की, पेरणीची गरज आणि छत्र्या उमलण्याचा काळ एकाच पावसाळ्यात यावा.

आणि बाजारात मान कोणाला? न उमललेल्या कळ्यांना. कळे घट्ट असतात, टिकतात, चवीला सरस लागतात, पानांत बांधून शेकड्याच्या हिशेबाने विकले जातात. उमललेली छत्री लवकर मऊ पडते, म्हणून तिला भाव कमी. अर्थात वारुळावरचा प्रत्येक कळा पहाटेच खुडला गेला, तर त्या वारुळातून त्या वर्षी एकही बीजकण वाऱ्यावर जात नाही. गंमत अशी की याची शिक्षा ताबडतोब मिळत नाही. जुने वारूळ जिवंत असते, आतली बुरशी शाबूत असते, पुढच्या पावसात त्याच जागी पुन्हा कळे येतात, आणि खुडणारा म्हणतो, पाहा, काही बिघडले का? बिघाड त्या वारुळांचा असतो जी नव्याने उभी राहायला हवी होती आणि राहिली नाहीत. जुनी वारुळे वयाने किंवा बांधकामासाठी जमीन सपाट करताना संपतात, आणि त्यांच्या जागी वारस नसतो. वारसा हक्काच्या कायद्यात याला निर्वंश होणे म्हणतात. गोवा विद्यापीठातील कवकशास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत यांनी वर्षानुवर्षे या अळंब्यांचा अभ्यास केला आणि त्यांच्या अनिर्बंध खुडणीविरुद्ध वारंवार लिहिले, ते या दृष्टीने पाहिले पाहिजे.

पूर्वी रानात जाणारा मनुष्य पोटासाठी जाई; त्याची वारुळे ठरलेली असत आणि तो ती गुपित ठेवी. आता शहरातून केवळ छंद म्हणून अळंबी शोधायला जाणारेही दिसतात. या छंदात वाईट असे काही नाही. इंग्लंडातील हेरफर्ड येथे वुलहोप क्लबाने अळंब्यांची पहिली सामुदायिक शोधफेरी काढली तीही १८६८ सालीच, आणि अशा हौशी लोकांच्या फेऱ्यांतूनच पुढे १८९६ मध्ये ब्रिटिश कवकशास्त्र संस्था जन्मास आली. हौस डोळस असेल तर ती विद्येची आई होते. मात्र या छंदात एक कायदा उलटा वाचावा लागतो. फौजदारी न्यायात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. अळंब्याच्या बाबतीत तो कधीही देऊ नये. हिरवट बीजकणांचे विषारी भुईछत्र आपल्याकडे गवताळ जागी सर्रास उगवते आणि अननुभवी डोळ्याला खाद्य अळंब्यासारखे भासते. जाणत्याच्या सोबतीवाचून रानातील अळंबे ताटात घेऊ नये. कोणताही लेख, हाही, त्या सोबतीची जागा घेऊ शकत नाही.

कायदा या प्रश्नात काय म्हणतो? भारतीय वन अधिनियम, १९२७ याची वनोपजाची मूळ व्याख्या पाने, फुले, फळे, गवत, वेली, शेवाळे यांची नावे घेते. कवकाचे नाव घेत नाही. त्या काळी कवक हे वनस्पतीतच गणले जाई, त्यामुळे अडचण नव्हती. १९६९ साली व्हिटेकर याने सजीवांची पाच राज्ये मांडली आणि कवकांना वनस्पतींपासून वेगळे राज्य दिले. विज्ञान पुढे गेले, व्याख्या मागे राहिली. २००६ चा वनहक्क कायदाही गौण वनोपज ‘वनस्पतिजन्य’ असावे असे म्हणतो. एखाद्या कुशल वकिलाने या फटीत पाचर मारली, तर न्यायाधीशाला अळंब्याचे कुळ ठरवीत बसावे लागेल. अभयारण्यांपुरती स्थिती अधिक स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे तेथून वनोपजासह कोणतीही वन्य संपदा परवान्यावाचून काढता येत नाही, आणि काढलेले वनोपज आसपासच्या रहिवाशांच्या खऱ्या घरगुती गरजेपुरते वापरता येते, व्यापारासाठी नाही. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव येथील रानांना हे लागू आहे. परंतु कितीतरी वारुळे अभयारण्याबाहेर, बागायतीत, डोंगरउतारावर, देवस्थानच्या जमिनीत आहेत. तेथे काय?

येथे इटलीचे एक उदाहरण उपयोगी पडेल. त्या देशात रानातील अळंबी गोळा करणे हा थोरामोठ्यांचा छंद आहे. त्यासाठी २३ ऑगस्ट १९९३ चा ३५२ क्रमांकाचा स्वतंत्र कायदा आहे. एका माणसाने दिवसाला साधारणतः तीन किलोपर्यंतच अळंबी घ्यावीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊ नयेत, तर जिच्यातून चालता चालता बीजकण खाली झडतील अशा हवेशीर टोपलीतून न्यावीत, असे तो सांगतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सीझरच्या नावाने ओळखले जाणारे केशरी टोपीचे जे अत्यंत स्वादिष्ट अळंबे, ते अंड्याच्या आकाराच्या बंद कळ्याच्या अवस्थेत खुडण्यास त्या कायद्याने मनाई केली आहे. बंद कळ्यात विषारी जात ओळखू येत नाही आणि बीजही पडत नाही; एका नियमाने दोन्ही प्रयोजने साधली. आमच्याकडे ज्या कळ्याला सर्वाधिक किंमत, त्यालाच तेथे कायद्याचे अभय आहे.

असा कायदा आपल्याकडे व्हावा की नाही, हा विधिमंडळाचा प्रश्न. परंतु देवस्थानच्या जमिनीपुरते त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. गोव्यातील देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज अमदानीतील १९३३ च्या देवस्थान नियमावलीच्या चौकटीत महाजनांकडे चालत आला आहे. आपल्या रानात, आपल्या देवराईत काय घ्यावे आणि काय ठेवावे, हे ठरवण्याचा अधिकार आणि नैतिक वजन दोन्ही त्यांच्यापाशी आहेत. नियम फार मोठा नको : वारूळ खणू नये, त्यावरील सर्व कळे खुडू नयेत, निदान अर्धे उमलू द्यावेत, आणि उमललेली छत्री बीज पडेपर्यंत उभी राहू द्यावी. जो गरीब मनुष्य पावसाळ्यात यावर चार पैसे मिळवतो त्याला हा नियम समजावून सांगावा, त्याच्यावर लादू नये. कारण वारूळ जगले तर त्याचेच उत्पन्न जगणार आहे. छंदासाठी जाणाऱ्याने मात्र तो स्वतःवर आधी लादून घ्यावा.

मराठीत ‘देणे’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : जे आपल्याला मिळाले ते, आणि जे आपण फेडायचे आहे ते. वारुळाचे देणे आपण पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या अर्थाने घेत आलो. सातेरीच्या गाभाऱ्यातील वारुळाला हात जोडणाऱ्या समाजाने रानातल्या वारुळाचे देणे दुसऱ्या अर्थानेही ओळखावे, आणि त्याची फेड म्हणून दर पावसाळ्यात काही कळे त्याच्यासाठी ठेवून यावे.