टाचण्या, तपकीर आणि मिस बर्नी

१७ जुलै १७८६ रोजी फॅनी बर्नी विंडसरला राजा तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट हिच्या सेवेत रुजू झाली, तेव्हा ती ३४ वर्षांची होती आणि इंग्लंडमधली सर्वांत गाजलेली कादंबरीकार होती. १७७८ साली तिची 'एव्हलिना' निनावी निघाली आणि चार वर्षांनी 'सिसिलिया' आली. डॉ. जॉन्सन, एडमंड बर्क, चित्रकार रेनॉल्ड्स ही मंडळी तिची तोंडभरून स्तुती करत. अशा बाईला राणीने काम दिलं ते कपडे घालायचं. हुद्दा होता वस्त्रागाराच्या दुय्यम रक्षकाचा. वर्षाला २०० पौंड, राहायला खोल्या, दिमतीला एक नोकर. बापाला, म्हणजे संगीताचे इतिहासकार डॉ. चार्ल्स बर्नी यांना, आभाळ ठेंगणं झालं. राजाच्या वाद्यवृंदाच्या प्रमुखाची जागा त्याच साली त्यांच्या हातून निसटली होती. मुलीला मिळालेला मान ही त्यांना भरपाई वाटली असावी. मुलीला नाही म्हणायचं होतं, पण बापाचा चेहरा पाहून ती गप्प बसली.

नाटक कंपनीत मी बरीच वर्षं कपडेपट सांभाळला आहे. म्हणून फॅनीची रोजनिशी मी जरा वेगळ्या नजरेने वाचते. साहित्याचे लोक तिच्यात लेखिकेची घुसमट शोधतात. माझं लक्ष मात्र कोण कुणाच्या हातात काय देतंय, तिकडे जातं.

तिने बहिणीला पत्रांतून सगळा दिनक्रम कळवला आहे. पहाटे सहाला उठायचं, तयार होऊन बोलावण्याची वाट पाहायची. ते साडेसातच्या सुमारास यायचं. तोवर राणीचे सकाळचे केस थीलकी नावाच्या जर्मन बाईने केलेले असत. मग थीलकी एकेक वस्त्र उचलून फॅनीच्या हाती देई आणि फॅनी ते राणीच्या अंगावर चढवी. राणी खोलीत असताना दुसऱ्या कुठल्याही मोलकरणीला आत यायची परवानगी नसे. फॅनी मोकळेपणाने लिहिते की थीलकी नसती तर आपण घागऱ्याखालच्या सांगाड्याआधीच झगा दिला असता. यात विनोद आहे, पण तो खराही आहे. कुठल्याही कपडेपटात अशी एक थीलकी असते. कुठलं वस्त्र कशानंतर, कुठली टाचणी कुठे, हे तिला न बघता कळतं. वस्त्रं अंगावर घालायचा मान मात्र दुसरीचा.

दरबाराची उतरंडच तशी होती. वरच्या पायरीवर सरदार घराण्यातल्या स्त्रिया. त्या पाळीपाळीने यायच्या, समारंभात राणीच्या मागे उभ्या राहायच्या आणि घरी जायच्या. तळाला थीलकीसारख्या कसबी बायका. फॅनी मधेच लटकलेली. खानदानी म्हणावी तर बाप संगीतशिक्षक, कसबी म्हणावी तर झगा आधी की सांगाडा, हे ठाऊक नाही. मराठी माणसाला ही अवस्था नवी नाही. इथल्या संस्थानांतही हुजऱ्यापेक्षा वर आणि मानकऱ्यापेक्षा खाली बसणारा एखादा शिकलेला माणूस असायचाच.

दुपारी एकला मोठा साज सुरू होई. सकाळचा झगा उतरवायचा, पावडरीसाठी वेगळं वस्त्र घालायचं, मग केशरचनाकार आत. केसांवर पांढऱ्या भुकटीचा मारा सुरू झाला की राणी फॅनीला बाहेर पाठवी, तिचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून. केस होत असताना राणी वर्तमानपत्र वाची. वाईट बाई नव्हती ती. पंधरा बाळंतपणं झालेली, पुस्तकांची हौस असलेली, तपकिरीची शौकीन. ती तपकीर मळून डबीत भरणं हेही फॅनीकडेच. तीन वाजता सुटका, पाचला जेवण, रात्री अकरा-बाराच्या मध्ये शेवटचं बोलावणं आणि मग झोप. हे रोज.

बोलावणं यायचं ते घंटेने. फॅनीला सर्वांत जास्त झोंबलं ते हेच. कामाचे तास मोजले तर ते फार भरत नाहीत. पण घंटा कधी वाजेल याचा नेम नाही, त्यामुळे मधला वेळही आपला नाही. नाटकातही प्रवेश पाच मिनिटांचा आणि विंगेत उभं राहणं तासाभराचं असतं. पण आमचा पडदा रात्री पडतो.

उभं राहण्याचंही एक शास्त्र होतं. राजाराणीसमोर बसायचं नाही, निघताना पाठ फिरवायची नाही, मागे मागे चालत दार गाठायचं. खोकला, शिंक सगळं गिळायचं. नोकरीआधीच तिने बहिणीला यावर एक खट्याळ पत्र लिहिलं होतं, त्यात केसातली टाचणी टोचून रक्त आलं तरी हात वर न्यायचा नाही, असा नियम सांगितला आहे. पुढे ऑगस्ट १७८६ मध्ये राजघराण्याबरोबर ऑक्सफर्डला जाणं झालं. दिवसभर एकामागून एक कॉलेज, भाषणं, हस्तचुंबनं, आणि सेवकवर्ग उभाच, उपाशी. शेवटी एका कॉलेजात दोघा दरबाऱ्यांनी कुठूनसा चहा, कॉफी, ब्रेड पैदा केला आणि सगळे कोपऱ्यात खायला लागले. तेवढ्यात राणी आली! मग ट्रे दडव, कप लपव, तोंडातला घास तसाच. सरदारांच्या बायका आणि अंगरक्षक शाळकरी पोरांसारखे उष्टं लपवत उभे, हे चित्र मला सगळ्या रोजनिशीत फार आवडतं.

फॅनीची खरी शिक्षा मात्र राणी नव्हती, श्वेलेनबर्ग होती. ही तिची वरिष्ठ. १७६१ साली राणी लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर जर्मनीहून आलेली. रोज संध्याकाळी हिच्याबरोबर जेवायचं आणि पत्ते खेळायचे. बाईला बेडूक पाळायची हौस. तपकिरीची डबी टकटकवली की ते आपल्या तालावर ओरडतात, असं ती अभिमानाने सांगे. एकदा नोव्हेंबरात लंडनला जाताना तिने फॅनीच्या बाजूची बग्गीची काच हट्टाने उघडी ठेवायला लावली. झोंबऱ्या वाऱ्याने फॅनीचे डोळे सुजले. दरबारात सगळ्यांना हे माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

बोलला तो राजा, आणि तोही भ्रम झालेल्या अवस्थेत. १७८८ च्या हिवाळ्यात तिसऱ्या जॉर्जची बुद्धी चळली. त्याला क्यूच्या वाड्यात डॉक्टर विलिस यांच्या देखरेखीखाली ठेवलं होतं. कुणीही त्याच्या समोर येऊ नये अशी सक्त ताकीद होती. २ फेब्रुवारी १७८९ ला फॅनी बागेत फिरत असताना राजा अचानक दिसला आणि तिचं नाव पुकारत मागे धावला. ती पळाली, राजा तिच्या मागे, डॉक्टर राजाच्या मागे. अखेर थांबा, धावण्याने महाराजांना अपाय होईल, असं ओरडून सांगितल्यावर ती थांबली. राजाने तिच्या खांद्यांवर हात ठेवून गालाचं चुंबन घेतलं. मग तिच्या वडिलांबद्दल बोलला, घोगऱ्या आवाजात हँडलची गाणी म्हटली. आणि म्हणाला की श्वेलेनबर्गची फिकीर करू नकोस, मी तुझा मित्र आहे. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. शहाणा असताना त्याने ते तोंडातून काढलं नसतं.

आपल्याकडचा एक धागाही या रोजनिशीत आहे. सालबाईच्या तहाने १७८२ साली मराठ्यांशी लढाई मिटवणारा वॉरन हेस्टिंग्ज १३ फेब्रुवारी १७८८ पासून वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये आरोपी म्हणून उभा होता. राणीने फॅनीला प्रवेशपत्रिका दिल्या, आणि परत आली की सगळं तिला सांगायचं. फॅनीची सहानुभूती हेस्टिंग्जकडे. फिर्यादी पक्षात मात्र तिच्या कादंबऱ्या डोक्यावर घेणारा बर्क, आणि तिथून उठून तिच्याशी गप्पा मारायला येणारा खासदार विंडम. दरबाराच्या जागेत बसून ती जुन्या मित्राशी बंगालच्या माजी गव्हर्नर जनरलवरून वाद घालत होती. घंटेच्या आवाक्याबाहेरचे हे थोडे दिवस, आणि रोजनिशी इथे एकदम जिवंत होते.

पाच वर्षांत प्रकृती ढासळली. १७९० च्या अखेरीस तिने राजीनाम्याचा अर्ज दिला आणि ७ जुलै १७९१ ला सुटली. तिच्या मृत्यूनंतर रोजनिशी छापली गेली, तेव्हा १८४३ साली मेकॉलेने तिच्यावर मोठा लेख लिहिला. हिंदुस्थानातल्या शिक्षणावर टिपण लिहिणारा तोच मेकॉलेसाहेब. त्याने राणीला आणि बापाला फैलावर घेतलं. एवढी बुद्धी टाचण्या टोचण्यात आणि तपकीर मळण्यात घालवली, हा त्याचा राग. राग खरा आहे. पण टाचणी टोचणं हे हलकंच, हे त्याने धरूनच चाललेलं आहे. थीलकीबद्दल त्याला काही वाटलं नाही. मला तर वाटतं, त्या खोलीत आपलं काम येत असलेली तीच एक होती.

शिवाय पैशाचा हिशेब मेकॉलेने पुरा मांडला नाही. निघताना राणीने फॅनीला वर्षाला १०० पौंड निवृत्तिवेतन बांधून दिलं. १७९३ मध्ये फॅनीने अलेक्झांडर दार्ब्ले या फ्रान्समधून परागंदा झालेल्या अधिकाऱ्याशी लग्न केलं. त्याच्याकडे दमडी नव्हती. बापाला हे पसंत नव्हतं आणि तो लग्नाला आला नाही. दोघांचा संसार सुरू झाला तो या १०० पौंडांच्या भरवशावर. बापासाठी जी नोकरी पत्करली, तिच्याच पैशावर ती बापाची मर्जी मोडू शकली. पुढे १७९६ मध्ये 'कॅमिला' कादंबरी राणीला अर्पण करून ती विंडसरला प्रत द्यायला गेली, तेव्हा राजाराणीने मिळून तिला १०० गिनी दिल्या. वर्गणीदारांच्या यादीत जेन ऑस्टेन या विशीतल्या मुलीचं नाव होतं. त्या कादंबरीच्या कमाईवर फॅनीने स्वतःचं घर बांधलं.