रात्रीचा डॉक्टर आणि ३८५ युरो

नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच हिवाळ्यात दोन शब्द शिकावे लागतात. एक 'हाउसआर्ट्स', म्हणजे घरचा डॉक्टर. दुसरा 'हाउसआर्ट्सेनपोस्ट', म्हणजे हे घरचे डॉक्टर संध्याकाळी पाच ते सकाळी आठ आणि शनिवार-रविवारी आळीपाळीने जिथे बसतात ती जागा. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाचं नाव, 'एसईएच', मात्र बऱ्याचदा बिल आल्यावरच नीट पाठ होतं. एकाच देशात रात्रीची ही दोन दारं का आहेत आणि एक फुकट नि दुसरं महाग का, याची गोष्ट मला त्या बिलापेक्षा जास्त रंजक वाटते.

१९९०च्या दशकापर्यंत डच घरचा डॉक्टर शब्दशः घरचा होता. पुष्कळांचा दवाखाना राहत्या घरालाच लागून असे. रात्री फोन वाजला की तो उचलायची डॉक्टरांची बायको. आपल्याकडे जिला डॉक्टरीणबाई म्हणत, तीच ही. कुणाला लगेच पाठवायचं, कुणाला सकाळी यायला सांगायचं आणि कुणासाठी नवऱ्याला उठवायचं, हे ती ठरवायची, तेही बिनपगारी. आसपासचे काही डॉक्टर मिळून छोटा गट करत आणि पाळीपाळीने एकमेकांचे रुग्ण सांभाळत. गट लहान असल्याने पाळी लवकर यायची. शनिवार-रविवार जागून काढायचा आणि सोमवारी सकाळी पुन्हा नेहमीची रांग.

या डॉक्टरांचं वजन मोठं होतं, त्याला कारण आहे. १९४१ मध्ये, जर्मन ताब्याच्या काळात, आजारपण-निधीचा हुकूम निघाला आणि ठरावीक उत्पन्नाखालच्या कामगार-नोकरदारांना विमा सक्तीचा झाला. युद्ध संपलं, जर्मन गेले, व्यवस्था राहिली. निधीतला प्रत्येक रुग्ण एका डॉक्टरकडे नोंदलेला, डॉक्टरला माणशी ठरावीक रक्कम, आणि तज्ज्ञाकडे जायचं तर त्याची चिठ्ठी हवी. १९५६ मध्ये या डॉक्टरांनी स्वतःची शास्त्रीय संस्था काढली, १९६६ मध्ये उट्रेख्त विद्यापीठात या विषयाला प्राध्यापकपद मिळालं. 'साधा जीपी' असं नाक मुरडण्याची आपली सवय इथे चालत नाही.

मग नव्वदीत हा गाडा अडला. या पेशात स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या, अर्धवेळ काम करणारे वाढले, आणि डॉक्टरांच्या बायकांना स्वतःच्या नोकऱ्या होत्या. माझ्या मते हे शेवटचं कारण इतिहासात फार कमी लिहिलं जातं. फोन उचलणारी फुकटची व्यक्ती नाहीशी झाली आणि तिच्या जागी एक संस्था उभी करावी लागली! डेन्मार्कने १९९२ मध्येच रात्रीची सेवा मोठ्या प्रमाणावर एकत्र आणली होती. डच डॉक्टरांनी २०००च्या सुमारास तोच रस्ता धरला आणि थोड्याच वर्षांत जवळजवळ सगळा देश सहकारी केंद्रांखाली आला. एकेका केंद्रामागे लाखभर ते काही लाख लोकवस्ती. डॉक्टरीणबाईंच्या जागी प्रशिक्षित ट्रायाजिस्ट बसली. ती प्रश्न विचारते आणि तातडीचा क्रम लावते, यू-शून्य ते यू-पाच. यू-शून्य म्हणजे जीव जातोय, यू-पाच म्हणजे बहुधा घरीच थांबा. घरभेटीसाठी डॉक्टरला चालकासह सुसज्ज गाडी असते.

म्हणजे हे स्वस्त दार रुग्णाचे किंवा सरकारचे पैसे वाचवायला उघडलंच नव्हतं. डॉक्टरांना झोप मिळावी म्हणून उघडलं होतं. पैशाचा हिशेब मागाहून आला. २००६ मध्ये निधी आणि खासगी विमा हा भेद संपून सर्वांना एकच सक्तीचा विमा झाला. २००८ मध्ये 'आयखन रिसिको' आलं, म्हणजे वर्षातला पहिला ठरावीक खर्च तुमच्या खिशातून. तेव्हा १५० युरो, २०१३ मध्ये ३५०, आणि २०१६ पासून ३८५. प्रीमियम कमी व्हावा म्हणून आपली तरुण इंजिनियर मंडळी त्यात स्वखुशीने आणखी ५०० घालतात, ते वेगळंच. घरचा डॉक्टर मात्र यातून मुद्दाम वगळला, आणि त्याबरोबर रात्रीचं केंद्रही. संशोधक खर्च मोजायला वापरतात त्या २०१४च्या संदर्भ दरांत घरच्या डॉक्टरची एक भेट ३३ युरो आहे, एसईएचची २५९.

आता बरीच केंद्रं रुग्णालयाच्याच आवारात, एसईएचला लागून आहेत. एकाच प्रवेशदारातून आत गेल्यावर डावीकडे वळलात की उजवीकडे, यावर तुमचे ३८५ अवलंबून! (केंद्रातल्या डॉक्टरने एक्स-रे काढायला पाठवलं, तर त्याचे पैसे मात्र कापले जातात. हे कुणी आधी सांगत नाही.) २०१२च्या आघाडी सरकारच्या करारात चिठ्ठीशिवाय एसईएचमध्ये येणाऱ्याकडून ५० युरो घ्यायचं ठरलं होतं, तो बेत पुढे बारगळला. आज वर्षाला सुमारे ४० लाख संपर्क ही केंद्रं हाताळतात, एसईएच त्याच्या निम्म्याच्या आसपास.

पण अठरा वर्षांखालच्या मुलांना आयखन रिसिको लागूच नाही. दोन्ही दारं त्यांना फुकट. तरी तापलेलं लेकरू घेऊन थेट एसईएच गाठणारे आपले आईबाप मला भेटतात. त्यांची अडचण पैशाची नाही. फोनवरच्या अनोळखी बाईने मुलाला न पाहता 'पॅरासिटामॉल द्या, वाट बघा' म्हणावं, हे पचत नाही.

कारण आपला रात्रीचा डॉक्टर वेगळ्या रीतीने गेला. डोंबिवलीत, सातारा-सांगलीत दवाखान्याच्या वरच राहणारे, रात्री बेल वाजली की खाली उतरणारे डॉक्टर आपल्या आईवडिलांनी पाहिले. तेही त्याच पिढीत कमी झाले. पण त्यांच्या जागी सहकारी केंद्र उभं राहिलं नाही, हे साखर कारखान्यांपासून बँकांपर्यंत सहकार रुजवणाऱ्या महाराष्ट्रात! उरली एकीकडे सरकारी इस्पितळातली कॅज्युअल्टी नि केसपेपरची रांग, दुसरीकडे खासगी नर्सिंग होमचं डिपॉझिट. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो वा खासगी. रात्री दोनला ताप बघणार कोण, हा प्रश्न मात्र न्यायालयापुढे नव्हताच. ज्याला शक्य असेल त्याने थेट मोठं इस्पितळ गाठावं, ही सवय आपण तिथून घेऊन आलो.

डच व्यवस्थाही निश्चिंत नाही. २०१८ मध्ये लेलीस्टाडचं रुग्णालय दिवाळखोरीत गेलं, तिथला तातडीचा विभाग बंद झाला आणि रुग्णांना आल्मेरे किंवा हार्डरवाइक गाठावं लागलं. केंद्रांवरही ताण आहे: स्वतःचा दवाखाना असलेले अनेक डॉक्टर आपली रात्रीची पाळी पैसे देऊन फिरत्या डॉक्टरला देतात. आज रात्री केंद्रात भेटेल तो कदाचित त्या भागातल्या कुणाचाच घरचा डॉक्टर नसेल. त्याने काय पाहिलं, काय दिलं, याची नोंद मात्र तुमच्या हाउसआर्ट्सकडे संगणकावरून पोचते, आणि सकाळी आठला फोन केलात तर ती त्यांच्यासमोर असते.