डॉक्टरांना ‘बोलायला’ कसं शिकवतात?

ॲसिडिटी होतेय म्हणून एक जण फॅमिली डॉक्टरकडे जातो. गोळ्या लिहून होतात, तो उठतो आणि दारापाशी थबकून विचारतो, “डॉक्टर, माझे वडील पोटाच्या कॅन्सरने गेले. तसं काही नसेल ना?” खरा प्रश्न हाच होता, पण तो निघाला जाता जाता.

असं का होतं? १९८४ मध्ये अमेरिकेतल्या हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटींचं रेकॉर्डिंग तपासलं. पेशंट बोलू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याला मध्येच तोडलं होतं. आपलं म्हणणं पूर्ण मांडता आलं ते फक्त २३ टक्के भेटींत.

ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरला ‘जीपी’ म्हणतात. तिथे १९५० च्या दशकात मायकेल बालिंट हे मनोविश्लेषक लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जीपींचे गट घेत. अवघड वाटणाऱ्या पेशंटविषयी डॉक्टर तिथे मोकळेपणाने बोलत. आज तिथे जीपी होण्यासाठी तीन वर्षांचं खास प्रशिक्षण असतं. पेशंटच्या परवानगीने तपासणीचा व्हिडिओ काढतात आणि शिकणारा डॉक्टर तो आपल्या प्रशिक्षकासोबत बसून पाहतो. स्वतःलाच पेशंटचं बोलणं तोडताना पाहणं फार सुखद नसणार, पण व्याख्यानापेक्षा ते नक्कीच जास्त लक्षात राहतं. २०२३ पासूनच्या नव्या परीक्षेत प्रत्येकी १२ मिनिटांच्या १२ केसेस असतात. समोरचा ‘पेशंट’ ठरलेली भूमिका वठवत असतो आणि डॉक्टर त्याच्याशी कसा वागला, यालाही गुण असतात.

शिकवतात ते तसं साधंच. आधी “काय होतंय?” विचारून गप्प बसायचं. मग तीन गोष्टी काढून घ्यायच्या: हे कशामुळे झालं असं पेशंटला वाटतं, त्याला भीती कशाची आहे आणि तो काय अपेक्षा घेऊन आलाय. शेवटी “कळलं ना?” विचारायचं नाही, कारण त्यावर बहुतेक जण “हो” म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी, “घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्याल, सांगा बरं,” असं विचारायचं. काय झालं तर लगेच परत यायचं, हेही स्पष्ट सांगायचं.

भारतात २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ आहे, म्हणजे वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद. आपल्याकडची अडचण थोडी वेगळी आहे. पेशंटबरोबर नातेवाईक असतातच. मग डॉक्टर मुलाशी बोलतात, मुलगा उत्तरं देतो आणि जिचे गुडघे दुखतायत ती आई नुसती ऐकत बसते.

वेळेचा प्रश्नही खरा आहे. २०१७ मध्ये ६७ देशांची माहिती एकत्र पाहिली गेली, तेव्हा एका पेशंटला मिळणारा सरासरी वेळ स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं निघाला, तर बांगलादेशात ४८ सेकंद. एवढ्यात कुठलंही प्रशिक्षण अपुरंच पडणार. तरी “तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटतेय?” हे विचारायला चार-पाच सेकंद पुरतात.