चुलीचे धुराडे: कमी खर्चाचे पर्याय आणि त्यांच्या मर्यादा

वाराणसीतील दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि पंचगंगाघाट हा परिसर पेशवेकाळापासून मराठी कुटुंबांच्या वस्तीसाठी ओळखला जातो. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित यांचे नाव दुर्गाघाटाच्या बांधणीशी जोडले जाते. नाना फडणवीसांचा वाडाही याच भागात आहे. एकमेकांना टेकलेली उंच दगडी घरे, मधला चौक, लाकडी तुळया आणि दोन माणसे जेमतेम जातील अशा गल्ल्या हे येथील बांधणीचे स्वरूप. अशा घरात लाकडाची किंवा कोळशाची चूल वापरायची, तर तिचा धूर बाहेर काढणे हा चूल बांधण्यापेक्षा अवघड प्रश्न ठरतो. खिडकीतून काढलेला धूर समोरच्या घरात जातो आणि चौकात सोडलेला धूर वरच्या मजल्यांवरील खोल्यांत परततो.

स्वयंपाकाच्या गॅसमुळे हा प्रश्न पुष्कळ कमी झाला. वाराणसीपासून फार दूर नसलेल्या बलिया येथे 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला. योजनेतील आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर 2019 मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे देण्यात आली. तरीही सिलिंडर पुन्हा भरून घेण्याचा खर्च, मोठ्या पंक्तीचा स्वयंपाक किंवा आंघोळीचे पाणी तापवणे या कारणांनी अनेक घरांत चूल टिकून आहे. घरातील इंधनाच्या धुरामुळे 2020 मध्ये जगात सुमारे 32 लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

ओढ कशी निर्माण होते

धुराड्यातील तापलेला वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो. या फरकामुळे जी ओढ निर्माण होते, ती फारच क्षीण असते. तीन मीटर उंचीच्या धुराड्यात धुराचे सरासरी तापमान 150 अंश सेल्सिअस आणि बाहेरची हवा 30 अंश असल्यास ओढ सुमारे 10 पास्कल, म्हणजे एक मिलिमीटर पाण्याच्या थराच्या दाबाएवढी भरते. एखादे काटकोनी वळण, आडवा गेलेला लांब नळ किंवा काजळीचा जाड थर एवढ्या दाबाचा मोठा भाग सहज खाऊन टाकतो. म्हणून नळ शक्य तितका सरळ आणि उभा असावा. चूल आणि वैल अशा दोन भांड्यांच्या घरगुती चुलीस साधारण 10 सेंटिमीटर व्यासाचा नळ पुरतो. नळाचे तोंड छपराच्या वर किमान 60 सेंटिमीटर असावे. शेजारची भिंत उंच असल्यास वारा तिच्यावर आदळून धूर खाली दाबतो, त्यामुळे तेथे याहून अधिक उंची लागते.

कोणता नळ घ्यावा

सर्वांत सहज मिळणारा पर्याय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा नळ. तो हलका असतो आणि कोणताही पत्रेकाम करणारा कारागीर तो वळवून देतो. मात्र जस्त सुमारे 420 अंशांना वितळते व अतिउष्णतेत त्याची वाफ घातक ठरते, म्हणून चुलीलगतचा पहिला मीटरभर भाग जाड काळ्या पत्र्याचा असावा. दगडी कोळशाच्या धुरातील गंधकामुळे पातळ पत्रा लवकर कुजतो. अशा ठिकाणी स्वस्त नळ वारंवार बदलावा लागून महागच पडतो.

भाजलेल्या मातीचा नळ उष्णता आणि आम्ल दोन्ही सोसतो व योग्य बसवल्यास दीर्घकाळ टिकतो. तो जड असतो आणि धक्क्याने तडकतो, त्यामुळे त्याला भिंतीचा आधार द्यावा लागतो. तळमजल्यावर जागा असेल तर विटांचे धुराडेही बांधता येते, पण जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर तेवढे वजन टाकू नये. गंजरोधक पोलादाचा नळ चांगलाच, परंतु या यादीत तो सर्वांत महाग. प्लास्टिकचा सांडपाण्याचा नळ कोणत्याही परिस्थितीत वापरू नये.

ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या नळाबाबत विशेष सावधगिरी हवी. केंद्र सरकारच्या 1983-84 ते 2002 या काळातील सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात असे नळ मोठ्या प्रमाणावर वापरले गेले, कारण ते स्वस्त होते. ॲस्बेस्टॉसचे तंतू कर्करोगास कारणीभूत ठरतात. घरात असा जुना नळ असेल तर तो करवतीने कापू किंवा फोडू नये.

तीन-चार मजली घराच्या तळमजल्यावर चूल असेल, तर दहा-बारा मीटर नळ लागतो. एवढ्या उंचीत धूर थंड होतो, आतून पाणी सुटते आणि डांबरट थर साचतो. खर्चाचा विचार करता येथे चूलच गच्चीवर किंवा सर्वांत वरच्या मजल्यावर नेणे श्रेयस्कर. लाकडे आणि पाणी वर वाहण्याचे कष्ट वाढतात, हे मात्र खरे. नळ लाकडी तुळईपासून किमान 45 सेंटिमीटर दूर असावा.

बसवल्यानंतर

राष्ट्रीय कार्यक्रमात सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्या गेल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या 'आरती' या संस्थेने धुराड्याची 'लक्ष्मी' चूल विकसित केली. पण चूल बसवणे आणि ती चालू राहणे यात अंतर असते. रेमा हॅना, एस्थर ड्युफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशात केलेल्या अभ्यासात धुराड्याच्या चुलींमुळे पहिल्या वर्षी धूर शरीरात जाण्याचे प्रमाण घटले, पुढे मात्र हा लाभ उरला नाही. चुलींचा वापर नियमित होत नव्हता आणि देखभालही होत नव्हती. स्वस्त धुराड्याचा हिशेब करताना नळाच्या किमतीत ही देखभाल धरावीच लागते.

त्यासाठी नळाच्या तळाशी काजळी काढण्याचे झाकण ठेवावे. दोरीला दगड आणि गोणपाटाची गुंडाळी बांधून ती वरून खाली ओढली की नळ साफ होतो. रोज पेटणाऱ्या चुलीसाठी हे महिन्यातून एकदा तरी करावे, ओली लाकडे जाळत असल्यास त्याहून लवकर. तुंबलेल्या नळामुळे कोळशाचा विषारी कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचतो. हिवाळ्यात दारे-खिडक्या बंद असताना तो जीवघेणा ठरू शकतो, आणि त्याला वास नसल्याने तो लक्षातही येत नाही. पावसाळ्यात नळ थंड व दमट असल्यास आधी थोडा कागद पेटवून तो तापवावा, मग चूल शिलगवावी. वरची टोपी तारेने घट्ट बांधावी. वाराणसीच्या गच्च्यांवर वाऱ्यापेक्षा माकडांचाच उपद्रव अधिक असतो.